निळी कुऱ्हाड, जपून ठेवलेली

उन्मेषकडे एक कुऱ्हाड होती. तिनं आयुष्यात लाकूड सोडा, कांदासुद्धा कापला नव्हता. दांडा धातूचा, पातं दुधी काचेसारख्या प्लास्टिकचं. बटण दाबलं की पात्यात निळा उजेड चढायचा. एकदम नाही, हळूहळू. झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर स्वप्न चढावं तसा.

'सातव्या चंद्राचे राखणदार' अशी एक मालिका होती. त्यातल्या दोन राखणदारांच्या कुऱ्हाडींची ही हुबेहूब नक्कल. मालिकेत ते दोघं लांब असले की कुऱ्हाडी निळ्या, शेजारी उभे राहिले की दोन्ही नारिंगी. नकलेतही कंपनीनं तशी सोय केली होती. नंदनवन वस्तीत उन्मेषच्या घरावरच्या खोलीत काटोलचा दुर्गेश भाड्यानं राहायचा. दोघांनी कॉलेजात तर्री-पोहे सोडून पैसे साठवले आणि जोडी मागवली. एक याची, एक त्याची. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर दोन्ही पाती नारिंगी झाली, तेव्हा समोरच्या गच्चीवरची बाई पापड उचलायचे विसरून बघत राहिली होती.

मग दोघांचे स्वभाव आडवे आले. दुर्गेशनं आपली कुऱ्हाड वापरली. लाइट गेली की तिच्या उजेडात जेवला, गावी संत्र्याच्या बागेत मोटर बघायला गेला, चिखलात पाडली, धुतली, पुसली. बॅटरी मेली तेव्हा दांडा उघडून दुसरी घातली. उन्मेषनं आपली काचेच्या कपाटात ठेवली, बारा महिने चार्जिंगला लावून. बॅटरीचं आयुष्य मोजकं असतं, पेटवाल तितकं घटतं, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. अर्धं खरं होतं ते. आणि अर्धं खरं हे पूर्ण खोट्यापेक्षा जास्त नासधूस करतं. सतत भरलेली, सतत तापलेली बॅटरी न वापरताच म्हातारी होते, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

आपण माणसंच तशी. पाहुण्यांचे कप पाहुणे मरेपर्यंत फळीवर. लग्नातला शालू ट्रंकेत विरतो. गांधीबागेच्या कापडबाजारात उन्मेष ज्या ठोक दुकानात कामाला होता, तिथं दर्शनी साडी वर्षभर दिव्याखाली टांगलेली असायची. घडी मोडू नये म्हणून तिला हात लावायची बंदी. शेवटी ती घडीवरच फाटायची. हे रोज डोळ्यांनी बघून माणूस घरी येतो आणि तेच करतो. याला मूर्खपणाच म्हणावं लागतं, दुसरा शब्द नाही.

दुर्गेशच्या लग्नात या मूर्खपणानं आपली किंमत वसूल केली. वरातीत दोन्ही कुऱ्हाडी पेटवायच्या, असं ठरलं होतं. नवरीच्या गावच्या पोरांना दुर्गेशनं छाती ठोकून सांगितलं होतं, माझा मित्र येऊ द्या, मग रंग बघा. मित्र आला. कुऱ्हाड न आणता.

"वरात दोन-तीन तास चालते बे," उन्मेष म्हणाला होता. "एवढ्यात बॅटरीची वाट लागते."

दुर्गेश घोड्यावर निळी कुऱ्हाड धरून बसला. ती शेवटपर्यंत निळीच राहिली. पोरं हसली. त्यानंतर दोघांत बोलणं नाही. फोनमध्ये नंबर होते. तेही कपाटातच ठेवल्यासारखे.

यंदा खंडेनवमीला उन्मेषच्या आईनं, यमुताईंनी, दरवर्षीसारखी हत्यारांची पूजा मांडली. विळा, कात्री, सुरी, उन्मेषचा कापड मोजायचा गज, आणि मधोमध ती कुऱ्हाड. हळदकुंकू, झेंडूची फुलं, समोर समई. उन्मेष पाया पडायला वाकला आणि तसाच थांबला. दांड्याला पोट आलं होतं. जोडावरची फट करंगळीच्या नखाएवढी उघडली होती.

"आई, हे फुगलं."

"फुगन नाही तं काय? पुरणाचा नैवेद्य दाखवला न आत्ता."

"मजाक नको करू. आतली बॅटरी फुगली. पेट घेऊ शकते. काढू दे मले."

"पुजेतलं हत्यार उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हालवाचं नाही," यमुताई म्हणाल्या. "तुह्या बापानं कधी विळा हालवला नाही, तू खेळणं हालवून राहिला."

"खेळणं आहे तं पुजेत काहून ठेवलं मग?"

"तू त्याले हात लावू देत नाही कोणाले. मले वाटलं देवच असन."

उन्मेषनं गुपचूप समई सरकवली, चार्जिंगची वायर कपाटात फेकली आणि कुऱ्हाडीजवळ रेती भरलेला पत्र्याचा डबा ठेवून पहाऱ्याला बसला. बसल्या बसल्या दुपारच्या पुरणपोळीनं डोळा लागला.

स्वप्नात कपाटाची काच पाण्याची होती. आत कुऱ्हाड श्वास घेत होती. दांडा फुगायचा, बसायचा, फुगायचा. पात्यातला निळा उजेड थेंबाथेंबानं गळून फरशीवर साचत होता, आणि त्या निळ्या पाण्यातून एक वरात चालली होती, बिनआवाजाची. घोड्यावर दुर्गेश. त्यानं मान वळवली नाही. उन्मेष काठावर उभा राहून ओंजळीनं उजेड भरत होता, पुन्हा पात्यात ओतायला, आणि दर ओंजळीला त्याला कळत होतं की आपण भरतो आहोत ते पाणीच आहे. वरात नजरेआड गेली. जाताना कोणीतरी म्हणालं, 'जपून हं.'

जागा झाला तेव्हा फट अंगठ्याएवढी झाली होती.

अशा नकला जमवणाऱ्यांचा एक गट होता, तिथं त्यानं फोटो टाकला. कंपनी केव्हाच बुडालेली. कोणी लिहिलं फेकून द्या, कोणी लिहिलं श्रद्धांजली. एकानं लिहिलं, 'हे मॉडेल उघडलेला आपल्याकडे एकच माणूस आहे, काटोलचा. तुम्हाला माहीत असेल.'

माहीत होतंच. फेकायची तर कुठंही फेकता आली असती. पण एकदा तरी ते पातं नारिंगी झालेलं बघायचं होतं, आणि त्यासाठी लागणारी दुसरी कुऱ्हाड एकाच घरात होती.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. उन्मेषनं कुऱ्हाड रेतीच्या डब्यात उभी रोवली, डबा गाडीला करकचून बांधला आणि खिशात आपट्याची पानं घेऊन काटोलचा रस्ता धरला. सोनं घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत, एवढाच त्याचा भरवसा.

दुर्गेश अंगणात संत्र्याचे रिकामे कॅरेट रचत होता. त्यानं उन्मेषकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"चार्जिंग संपली का बे तुही?"

उन्मेषनं पानं पुढं केली. "सोनं घे."

दुर्गेशनं सोनं घेतलं. मिठी मारली नाही. "लग्नात पाकीट आणलं होतं तू आहेराचं. मी म्हणलं होतं का पाकीट आण?"

"नाही."

"एवढ्या पोट्ट्यांसमोर माही इज्जत गेली. घोड्यावर बसून निळा बल्ब धरला होता मी, म्युनिसिपालटीच्या खांबासारखा."

"चुकलं माह्यं."

"बॅटरी वाचली का पण?"

उन्मेषनं डब्याकडे बोट केलं. दुर्गेशनं वाकून फुगलेला दांडा बघितला. हसू आवरायचा प्रयत्न त्यानं केला, जमलं नाही. तेवढ्यात त्याची बायको प्रीती दारात आली. "या न भाऊजी, बसा. हे भांडून राहिले का? भांडू द्या, रोज तुमचंच नाव घेऊन भांडतात घरात."

बागेच्या बांधावर दोघं बसले. दांड्याच्या जोडाच्या न उघडलेल्या टोकावर कंपनीची सोनेरी चिठ्ठी होती: ही फाटली तर हमी रद्द. दुर्गेशनं चाकू उन्मेषच्या हातात दिला.

"तू काप. मी कापलं तं उद्या म्हणशीन, दुर्गेशनं खराब केली."

"हमी..."

"कोण देते हमी? बुडालेल्या कंपनीचं भूत?"

उन्मेषनं चिठ्ठी कापली. वाटलं होतं काहीतरी तुटेल. कागदच होता. दुर्गेशनं लाकडी चमच्यानं बॅटरी हळूच सोडवली, टोचू न देता, आणि वायरी एकेक करून कापल्या. भिजलेल्या उशीसारखी टम्म झाली होती ती. रेतीच्या डब्यात घालून डबा लांब मोकळ्या जागेत ठेवला. आता उन्मेषच्या कुऱ्हाडीत पोकळी होती, आणि दसऱ्याच्या दिवशी नवी बॅटरी विकायला काटोलात कोणी बसलेलं नव्हतं.

"माह्यातली एकच आहे," दुर्गेश म्हणाला. "दोन्हीले पुरवू. थोडा वेळच टिकन पण."

त्यानं आपली कुऱ्हाड आणली. ओरखडे पडलेली, मुठीला सायकलची रबरी पकड चढवलेली. तिच्या बॅटरीपासून एक लांब वायर काढून त्यानं ती उन्मेषच्या दांड्यात जोडली. सूर्य बागेमागं उतरला होता. झाडांवर कच्ची संत्री, हिरवी, अंधारात विरघळत चाललेली. दुर्गेशची चिमुरडी भूमिका येऊन बापाच्या गुडघ्याला टेकली.

"दाब."

उन्मेषनं बटण दाबलं. दोन्ही पाती आधी निळी झाली. मंद, पाण्यातून दिसावीत तशी. मग एकमेकांची ओळख पटल्यासारखी थबकली, आणि कडेकडेनं नारिंगी चढू लागली. बांध, चाकू, तिघांचे हात, जवळच्या झाडाची पानं, सगळं त्या रंगात बुडालं. हिरवी संत्री पिकल्यासारखी दिसायला लागली. भूमिकेनं एका फळाला बोट लावून बघितलं.

प्रीती भज्यांची ताटली घेऊन आली आणि उभी राहिली. "एवढासाच उजेड? याच्यासाठी रडत होते हे लग्नात?"

"मी रडलो नाही," दुर्गेश म्हणाला.

"घोडं रडलं असन मग."

उजेड किंचित उतरला. उन्मेषचा अंगठा सवयीनं बटणावर गेला. आत्ता बंद केली तर थोडी उरेल, नंतरसाठी. दुर्गेशनं ते बघितलं. फक्त बघत राहिला, लग्नात घोड्यावरून बघत होता तसा.

उन्मेषनं अंगठा काढला आणि दांडा भूमिकेच्या हातात दिला.

"काका, हे विझून राहिलं," ती म्हणाली.

"विझू दे वं. तू धर."

तिनं दोन्ही हातांनी धरला. नारिंगी पातळ होत गेली, आधी पानांवरून उतरली, मग फळांवरून, मग चेहऱ्यांवरून. शेवटी पात्यांच्या धारेवर एक रेघ उरली. तीही गेली. दिसत काहीच नव्हतं, तरी कोणी उठलं नाही.

"भजे थंडे होऊन राहिले," अंधारातून दुर्गेश म्हणाला. "खा बे. का तेही जपून ठेवशीन?"