जेलमधली चमकी

मी एक चमकी बोलतेय. खसखशीच्या दाण्याहून लहान, सहा कोपऱ्यांची, रंगाने चंदेरी. दीड वर्ष जेलमध्ये काढून आलेय. घाबरू नका, गुन्हा काही केला नव्हता. केसांना लावायच्या जेलमध्ये होते मी.

माझा जन्म कारखान्यातला. चकचकीत कागदाची गुंडाळी यंत्रात शिरली आणि पलीकडून आम्ही लाखो बहिणी भुरभुरत बाहेर पडलो. त्यातल्या मूठभर, माझ्यासकट, एका पिंपात पडल्या. समोर स्वच्छ, पारदर्शक जेल! मला वाटलं, आता जन्मभर पोहायचं.

कसलं पोहणं! आत नुसती चेंगराचेंगरी. पाणी पिऊन टम्म फुगलेले बारीक दाणे एकमेकांना खेटून बसलेले, आणि त्यांच्यामध्ये मी.

"जरा सरकता का?" मी विचारलं.

"पुढचा सरकला की सरकतो," शेजारचा म्हणाला. पुढचा म्हणाला, "मागचा सरकला की लगेच." मागचा म्हणाला, "आम्ही इथे आधीपासून आहोत."

सगळे जागच्या जागी वळवळत, पण जागा कुणी सोडेना. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काचच आहे.

पिंपातलं जेल बाटल्यांत भरलं गेलं. आमची बाटली एका सलूनमध्ये आली आणि आरशाखालच्या फळीवर, दोन खुर्च्यांच्या बरोबर मध्ये बसली. सलून दोघा भावांचं. थोरल्याला पूर्ण टक्कल आणि धाकट्याच्या डोक्यावर दोघांना पुरतील एवढे केस.

सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या भांडणाचं मूळ मीच. धाकट्याने थोरल्याला न विचारता चमकीच्या जेलचे दोन खोके मागवले.

"आपली गिऱ्हाइकं साठीच्या पुढची," थोरला कडाडला. "ती काय चमकी लावून पेन्शन आणायला जाणार?"

"टकल्या माणसाला जेलमधलं काय कळतं?" धाकटा बोलून गेला.

झालं. त्या दिवसापासून अबोला. थोरला साबण फासलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, "पलीकडच्यांना सांगा, कंगवा द्या म्हणावं." गिऱ्हाईक बिचारं तोंड उघडायचं, चमचाभर साबण गिळायचं आणि निरोप द्यायचं. असे चार महिने गेले. शेवटी ठरलं, की सलूनच्या मधोमध फळ्यांची भिंत घालायची. मंगळवारी सुतार येणार होता.

त्याच आठवड्यात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर मिशी कापायला आले. त्यांनी बाटली उचलून डोळ्यांशी धरली.

"ही चमकी बघा. बुडत नाही, तरंगत नाही. गर्दीत अडकलीय. पण तुमच्या मशीनची थरथर पोचली की आजूबाजूचे दाणे किंचित हलतात. कुठे फट पडली, की ही सटकणार खाली." आणि खिशातल्या पेनाने त्यांनी बाटलीवर माझ्यासमोर ठिपका काढला.

तेव्हापासून दोघे भाऊ माझ्यावर डोळा ठेवून. एक पाठमोरा झाला, की दुसरा वाकून बघायचा. आयुष्यात पहिल्यांदाच माझी कुणी एवढी दखल घेत होतं. रविवारी सलूनमध्ये गर्दी, दोन्ही मशीनं एकदम सुरू. फळी थरथरली, माझ्या कोपऱ्याखालचा दाणा कलला आणि मी सटकले! तांदळाच्या दाण्याएवढा प्रवास झाला असेल. मला तर जगप्रदक्षिणा वाटली.

सोमवारची सुट्टी संपली आणि मंगळवारी सकाळी थोरला ओरडला, "खाली आली!"

"बाटली वाकडी ठेवलीस तू, दादा."

"मी? हात तरी लावला का रे मी?"

"मग तुझा चष्मा वाकडा असेल."

खुर्चीतलं गिऱ्हाईक निरोप द्यायला तोंड उघडून तयार होतं. त्याची गरजच पडेना.

तेवढ्यात टेप घेऊन सुतार आत आला. त्याच्याकडे बघायला सवड कुणाला? बाटली सरळ करायला धाकट्याने हात घातला, थोरल्यानेही घातला. ओढाताण झाली, बाटली करकचून दाबली गेली, झाकण उडालं. आणि दीड वर्ष "पुढचा सरकला की सरकतो" म्हणणारे ते दाणे एका दमात पाण्यासारखे धावत सुटले! आम्ही सगळे थेट थोरल्याच्या टकलावर.

डोकं लखलखत होतं.

थोरल्याने आरशात बघितलं. मान डावीकडे केली, मग उजवीकडे.

"बरं दिसतंय की रे," तो म्हणाला.

धाकटा हसत हसत जमिनीवरच बसला.

"भिंतीचं माप कुठून घेऊ?" सुताराने विचारलं.

"भिंत राहू द्या. ती खुर्ची डुगडुगतेय, तेवढी बघा," दोघे एकदम म्हणाले.

धाकट्याने दादाचं डोकं पुसलं. खुर्ची ठोकून घामाघूम झालेल्या सुताराने त्याच टॉवेलने तोंड पुसलं, आणि मी त्याच्या गालावर बसून त्याच्या घरी पोचले.

"गालावर काय हे?" दारातच बायकोने विचारलं. "कुणाची चमकी?"

"अगं, टकल्या सलूनवाल्याच्या डोक्यावरची."

"थाप तरी धड मारा!"

आज तिसरा दिवस. घरात भांडी फार मोठ्याने वाजतात. सुतार साबणाने गाल घासघासून लाल करतो, पण मी सरकून कानामागे जाते आणि पुन्हा पुढे येते. काय करू, आता कुठे मोकळं फिरायला मिळतंय! पण त्या भल्या माणसाकडे बघवत नाही. तुमच्यापैकी कुणाला ती वहिनी भेटलीच, तर माझ्या वतीने एवढं सांगा, की नवरा खरं बोलतोय. मी स्वतःच सांगितलं असतं हो, पण मी नुसती चमकले तरी तिचा पारा चढतो.