शिकून झालेली मुलगी

साकीनाक्याच्या त्या पालिका शाळेत सातवीपुढे वर्ग नव्हते. आठवीसाठी मोठा रस्ता ओलांडून दुसऱ्या शाळेत नाव घालावे लागे. सातवीतल्या सपनाचे नाव तेथे घातले जाईल की नाही, या एका प्रश्नाने स्वरदाची झोप उडवली होती. पदवी हाती पडताच मुलुंडची ही तरुणी दोन वर्षांच्या फेलोशिपवर येथे शिकवायला आली होती, आणि ती मुदत आज संपत होती.

फेलोशिपच्या रिवाजाप्रमाणे अखेरच्या दिवशी पालकांसमोर मुलांचे वाचन होई. स्वरदाने सपनाला मुद्दाम शेवटी उभे केले. जोडाक्षरापाशी अडून रडणारी ही मुलगी आता कशी वाचते, ते आईने एकदा ऐकावे. म्हणजे तिला घरी बसवण्याचा विचार आपोआप गळून पडेल, असा स्वरदाचा पक्का अंदाज होता. सपनाने वर्तमानपत्राचा अग्रलेख न अडखळता वाचला. वर वीजबिलामागची बारीक छपाईही वाचली.

सपनाच्या आईचे, विमलाबाईंचे, डोळे भरून आले. त्यांनी स्वरदाचे दोन्ही हात धरले.

“बाईनूं, तुमचे उपकार कसे फेडूचे? माझ्या चेडवाक आता सगळा येता!”

“म्हणूनच म्हणते, आठवीचा प्रवेश—”

“आता आणि कित्याक? शिकान झाला मां! धाकट्याक ह्या सांभाळतला, मी कारखान्याच्या गाळ्यार पूर्ण दिवस कामाक जातलंय.”

“अहो, तिला अजून पुष्कळ शिकायचं आहे.”

“खोटा कित्याक सांगतास? आत्ताच आयकलंय मां मी!”

स्वरदाने मुख्याध्यापक श्यामसुंदर सरांकडे पाहिले. ते माइकची वायर गुंडाळत होते.

“कायदा आपल्या बाजूनं आहे, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “पण जूनमध्ये यांच्या दारात रोज जाऊन बसणार कोण? तुम्ही?”

स्वरदाच्या जागी कोणी येणार नव्हते. तिने शेवटचा उपाय केला.

“सपना, तूच सांग गं आईला. अपूर्णांकांची वजाबाकी तुला अजून जमत नाही. हो ना?”

सपनाचा चेहरा अपमानाने लाल झाला. “जमते की, बाई! तुम्हीच तर शिकवलीत.”

तिने खडू उचलला आणि फळ्यावर गणित मांडून सोडवू लागली. आयुष्यात प्रथमच स्वरदा आपल्या विद्यार्थिनीची चूक निघावी म्हणून फळ्याकडे पाहत होती. तिने छेद तपासला, वजाबाकी तपासली.

उत्तर बरोबर होते.