उशिराच्या चिठ्ठ्या

त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नसे. रोज फाटकात पोचायला उशीर आणि रोज एकच उत्तर, "पाचच मिनिटं झालीत!" म्हणून ते पाचमिनिटे झाले, आणि ते नाव आडनावासारखं चिकटलं. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणते. काकूंच्या मते हा माणूस स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला होता, आणि आता मरणाच्या बाबतीत मात्र त्याला घाई झाली होती.

दम लागतो, छातीत एका बाजूला दुखतं म्हणून दोघं इस्पितळात गेले. छातीतलं पाणी काढलं, आतला एक बारीक तुकडा तपासायला पाठवला. काकूंनी निकाल आधीच लावून ठेवला होता : सिगारेट. पण डॉक्टरबाईंनी भलतंच विचारलं. "चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही काय काम करत होता?"

"वाफेच्या नळांना लेप चढवायचो. पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, हातांनी थापायची. जुना लेप हातोडीने फोडायचा. मजेत एकमेकांवर उधळायचोसुद्धा."

"ती भुकटी ॲस्बेस्टॉसची," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिचे तंतू केसाहून कितीतरी बारीक. श्वासातून आत गेले की तिथेच रुतून बसतात. तीस-चाळीस वर्षं गप्प राहतात, आणि मग फुप्फुसावरच्या पातळ अस्तराला कर्करोग होतो. तुम्हाला झालाय तो हाच. सिगारेटने हा होत नाही." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी स्पष्टच सांगितलं की आजार बरा होणार नाही, त्रास कमी करता येईल, आणि कायद्याने भरपाई मिळते, तर दावा करायला वेळ लावू नका. "काकू, तुमचीही तपासणी करू. कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार होतो."

"मी कुठे धुतले? कारखान्यातच धुलाई होती. हेच म्हणायचे."

पाचमिनिटे खिडकीबाहेर बघू लागले. काकूंच्या छातीचे फोटो स्वच्छ निघाले. त्या दिवसापासून त्यांनी सिगारेटला शिव्या देणं बंद केलं, आणि इतकी वर्षं दिल्या त्याची त्यांना मनातून लाज वाटत राहिली.

दावा दाखल झाला. कंपनीचं उत्तर आलं : हा इसम आमच्याकडे होता, पण लेपाच्या खात्यात नव्हता, खोकी बांधायला होता. पगाराच्या पावत्यांवर नुसतं 'कामगार' लिहिलेलं. लेपाच्या खात्यात अकरा जण होते, त्यातले दहा गेले होते. कुणाला दमा होता म्हणे, कुणाला म्हातारपण. साक्षीला उरलं कोण? घर भाड्याचं, पोटी मूलबाळ नाही. निकाल आपल्या डोळ्यांदेखत लागावा, मागे बायको उघड्यावर पडू नये, एवढाच पाचमिनिट्यांचा ध्यास होता.

"कोण कुठल्या खात्यात होतं हे कुणाला माहीत असेल?" त्यांच्या वकीलबाईंनी विचारलं.

"टाइमकीपरला. पण त्याच्या दारात जाण्यापेक्षा मेलेलं बरं."

"तेच चाललंय की," काकू म्हणाल्या. "उठा, चपला घाला."

टाइमकीपर म्हणजे फाटकावरचा यमदूत. एका मिनिटाचा उशीर झाला तरी कागद पुढे सरकवायचा : नाव, तारीख, खातं, कारण, सही. एकदा पाचमिनिट्यांनी लिहिलं, 'तुमचं घड्याळ तुमच्यासारखंच आगाऊ आहे.' त्याबद्दल तीन दिवस घरी बसावं लागलं. तेव्हापासून, दोन गल्ल्यांचं अंतर असूनही, दोघांचं बोलणं बंद होतं.

दार म्हाताऱ्याने स्वतःच उघडलं. नजर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, मग पाहुण्यांकडे.

"पाचमिनिटे. तीस वर्षं उशीर केलास."

खोलीत एक खाट नीट अंथरलेली होती. तिच्यावर कुणी बसत नसावं, कारण म्हाताऱ्याने दोघांनाही खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभा राहिला. सगळं ऐकून त्याने फळीवरून एक पत्र्याचा डबा उतरवला.

"कारखाना बंद झाला तेव्हा रजिस्टरं जाळायला सांगितली. मी हुकमाचा ताबेदार, जाळली. उशिराच्या चिठ्ठ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही."

"पण ठेवल्यात कशाला, साहेब?"

"हिच्यासाठी." त्याने खाटेकडे हात केला. "बावीस वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी घरी आलो की पहिला प्रश्न, आज पाचमिनिट्याने काय लिहिलंय? वाचून दाखवलं की हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून तर एका मिनिटासाठीही मी तुला सोडत नव्हतो." त्याने खाटेवरची चादर सारखी केली. "ते तीन दिवस मात्र माझं चुकलं. तिला वाचून दाखवायला काहीच नव्हतं."

पाचमिनिट्यांनी डब्याचं झाकण उघडून वरची चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. मग ते म्हणाले, "आधी सांगायचंत ना, साहेब. अजून चांगलं लिहिलं असतं."

सुनावणीला डबा टेबलावर ठेवला. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, सही आणि 'खातं : लेप'. कंपनीचा वकील हुशार होता. त्याने कारणंच मोठ्याने वाचायला घेतली. मावशी चार वेळा वारली होती. एकदा सायकल रुसली होती. एकदा बायको बाहेरून कडी लावून माहेरी गेली होती. काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत दोन बोटं खाली सरकला.

"अशा थापाड्याच्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा?" वकिलाने विचारलं.

"कारणं खोटी आहेत," पाचमिनिटे धापा टाकत म्हणाले. "खातं खरं आहे. खात्याबद्दल थाप मारून माझा उशीर माफ झाला असता का?"

न्यायाधीशबाई हसू दाबत असतानाच टाइमकीपर काठी टेकत उठला. "एक कारण खरं आहे. आमच्या हिने ती चिठ्ठी वेगळी ठेवली होती, उशीखाली." त्याने खिशातून कागद काढून दिला. न्यायाधीशबाईंनी तो सावकाश, मोठ्याने वाचला.

"खातं : लेप. कारण : काल माझ्या कपड्यांवरची पांढरी भुकटी झटकताना बायकोला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. आजपासून कामाचे कपडे घरी नेणार नाही, फाटकाजवळच ठेवून जाईन. फाटकाबाहेरच्या नळावर रोज सकाळी धुऊन मग आत येईन. रोज पाच मिनिटं उशीर होईल. कुणाला सांगू नये, लोक हसतील."

काकू हळूच म्हणाल्या, "धुलाई होती म्हणाला होतात ना?"

"होती की. मीच."

"तुम्हाला ठाऊक होतं हे विष आहे म्हणून?"

"छे गं. तुझा खोकला ऐकवत नव्हता, एवढंच."

काकूंना ते स्वच्छ फोटो आठवले. रोज दारात उभं राहून आपण या माणसाला ओरडायचो, लवकर निघा, लवकर निघा, आणि हा निघायचा वेळेवरच. आपला हा श्वास त्याने नळावर उभं राहून पाच-पाच मिनिटांनी साठवलाय, हे त्यांना कळलं, आणि भर सुनावणीत त्यांनी त्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. दावा मंजूर, आणि त्यांच्यामागे काकूंना हक्क. पाचमिनिट्यांनी कागद दोनदा वाचला आणि कित्येक महिन्यांत नव्हते तसे गाढ झोपले.

टाइमकीपरने दोघांना चहाला बोलावलं होतं, बरोबर चारला. ते पोचले साडेचारला. म्हाताऱ्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. पाचमिनिटे तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "आजची चिठ्ठी माझी आहे, भाऊजी."

टाइमकीपरने चष्मा लावला आणि रिकाम्या खाटेकडे तोंड करून मोठ्याने वाचलं :

"खातं : घर. कारण : ह्यांचा सदरा धुतला. तो वाळेपर्यंत दोघं उन्हात बसलो होतो. उठावंसं वाटेना. कारण खरं आहे."

मग त्याने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली आणि ती उशीखाली सरकवून दिली.