खालच्या नजरेचा राक्षस

तीस वर्षं माझा नवरा, विग्न्यो, आमच्या गावच्या नाटकमंडळीत राजपुत्र व्हायचा. छाती बेताचीच. पण खाली घातलेली नजर, जपून टाकलेलं पाऊल, हळू आवाज! आमच्या जावा बेटावर राजपुत्र असाच असतो. पाय फाकून, डोळे वटारून गडगडाटी हसतो तो राक्षस. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नव्हतं ते फक्त जकार्ताहून आलेल्या दिओनला, आणि तो होता दिग्दर्शक.

आमच्या डोंगरातल्या राक्षसाच्या गोष्टीवर त्याला सिनेमा काढायचा होता. मंडळी बंद पडून सहा वर्षं झालेली. विग्न्योंनी ठेवणीतला बाटिक शर्ट घातला आणि त्याला शेवटचा नाच करून दाखवला. राक्षस कट्यार घेऊन धावतो, राजपुत्र नुसता बाजूला होतो, राक्षस आपल्याच कट्यारीवर पडतो.

"बाजूला होतो?" दिओन म्हणाला. "अहो काका, हीरो कधी बाजूला होतो का? मर्द आहे तो!"

हीरो त्याने बरोबरच आणला होता. राफका नावाचा. दंड एवढे, की हात अंगाला टेकत नव्हते. रोज बारा अंड्यांचं पांढरं खायचा, पिवळं माझ्या कोंबड्यांना.

"तुम्ही राक्षस करा," दिओन विग्न्योंना म्हणाला. "ही खाली घातलेली नजर लबाड वाटते. जरा बायकीही. लोकांना बघताक्षणी राग येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येताना मी म्हणाले, "अहो, नाही म्हणून सांगा. सगळं गाव हसेल तुम्हाला."

"हसू दे, लस्मी. मला अजून एकदा नाचायचंय."

आणि त्यांनी राक्षसाचं काम घेतलं.

सहा महिन्यांनी गावच्या मैदानात संध्याकाळी पडदा लागला. दिओन स्वतः हजर. मी मागे बसले. आज नवऱ्याची शोभा होणार, हे मी धरूनच चालले होते.

पडद्यावर राफका आला. कमरेवर हात, डोळे बाहेर, आणि अशी डरकाळी, की पोरं आयांच्या मागे लपली.

"आला गं बाई राक्षस!" ऐंशी वर्षांची सारिनेम आजी ओरडली.

मग विग्न्यो आले. तोंडाला लाल रंग, वर चिकटवलेले सुळे. पण नजर खाली, पाऊल तेच. पोरं आयांच्या मागून बाहेर आली.

"राजपुत्र आला," आजी म्हणाली. "पण सुळे कसले लावलेत मेल्यांनी?"

मी पदराआड रडले. लाज वाटली नाही.

तेवढ्यात राफकाने मागून तलवार खुपसली. सगळे हळहळले. आजीने चटई गुंडाळली.

"गेला बिचारा. संपला सिनेमा. चला गं."

सगळं मैदान उठलं.

"थांबा!" दिओन किंचाळला. "अजून चाळीस मिनिटं आहेत! हीरो जिवंत आहे!"

"म्हणूनच निघालो, बाळा," आजी म्हणाली. "त्याच्या तावडीत कोण सापडणार?"

दिओन लोकांना अडवायला धावला. वाटेत विग्न्यो उभे होते. दोन्ही हात पसरून, डोळे वटारून तो थेट त्यांच्या अंगावर आला.

विग्न्यो बाजूला झाले.

दिओन आपल्याच प्रोजेक्टरच्या वायरीत अडकून तोंडावर आपटला. प्लग निघाला आणि राफकाची डरकाळी अर्ध्यावरच बंद पडली. विग्न्योंनी नजर खाली ठेवूनच दिओनला हात दिला. अख्खं गाव चटया टाकून टाळ्या वाजवत होतं.