जुळलेली सही

बेंगळुरूच्या सरकारी कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनने सुधींद्ररावांचा उजवा हात मनगटापासून नेला, ते साल चोपन्न. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज त्यांनी डाव्या हाताने सही करून दिला. दीड वर्षाने तो परत आला: सही नोकरीला लागतानाच्या सहीशी जुळत नाही.

ती सही मोडीतली, आजोबांकडून उचललेली, शेवटी झोकदार वळणाची. हौस नडली!

"मग अंगठा घ्या," ते म्हणाले.

"शिकलेल्या माणसाचा अंगठा चालत नाही," कारकून म्हणाला.

अपील केलं. तेही तीन वर्षांनी त्याच शेऱ्यासकट परत आलं. मग हा हट्टी माणूस पाटी घेऊन बसला. रोज डाव्या हाताने शंभर सह्या. गोदूबाई, त्यांची बायको, म्हणायची, "अहो, स्वल्प थांबा, बोटं सुजलीत." ते थांबले नाहीत. एकसष्टात सही हुबेहूब उतरली, वळणासकट. त्यांनी पुन्हा अपील केलं.

सुनावणी त्रेसष्टात झाली. साहेबांनी दोन्ही सह्या भिंगाखाली धरल्या. टेबलावरचं थोटूक पाहायला भिंग लागत नव्हतं. म्हणूनच बहुधा ते कुणी पाहिलं नाही.

"वा! तंतोतंत!" साहेब म्हणाले. सुधींद्ररावांचा ऊर भरून आला.

साहेबांनी शेरा लिहून वाचून दाखवला. "अर्जदाराचे हस्ताक्षर अपघातापूर्वीइतकेच उत्तम. अपंगत्व सिद्ध होत नाही. नामंजूर."

मग कागद पुढे सरकवला. "निकाल मिळाल्याची सही करा इथे. झकास येते तुम्हाला."