धुण्याची खोली

चिमटा लाकडाचा, ओलाव्याने फुगलेला, तार गंजून तांबडी झालेली – मार्लिसने तो बोटांत दाबून पाहिला, पण उघडेना. धुण्याची जुनी दोरी काढताना हा एवढा मागे राहिला होता. तिने तो कचऱ्याच्या पिशवीत टाकला आणि हात ॲप्रनला पुसले, दोनदा.

तळघर आता ओळखू येत नव्हतं. डुलूथ शहरातल्या त्या घराखाली पन्नास वर्षं उघड्या दगडी भिंती, एक लोंबता दिवा आणि कपडे धुवायची सिमेंटची जोडकुंडी एवढंच होतं. सासूबाई, इल्मा, शेवटपर्यंत तिथेच उभ्या राहून शर्टांच्या कॉलरी घासायच्या – मशीनला कॉलर कळत नाही म्हणे... त्या जाऊन आठ महिने झाले. सबंध हिवाळा खपून रेनोने, तिच्या नवऱ्याने, पांढऱ्या भिंती उभ्या केल्या, फरशी बसवली, कपड्यांच्या घड्या घालायला लांब टेबल केलं. कुंडी त्याने घणाने फोडली, त्या दिवशी मार्लिस बाजारात गेली होती. काहीही आणायचं नव्हतं तरी.

"छतात आवाज अडवायच्या जाड गाद्या भरल्यात," रेनो म्हणाला. "दारही जड घेतलंय. मशीन किती का धडधडेना, वर पत्ता लागणार नाही. थांब, बघूच. तू स्वयंपाकघरात जा, मी इथून हाक मारतो."

"हाक कशाला? मशीनच लाव की."

"अजून पाणी कुठे जोडलंय, शहाणे! जा तू."

ती वर जाऊन शेगडीपाशी उभी राहिली. खाली दार लागलं. मग पायांखालून, लांबून, पण स्पष्ट –

"मार्लिस!"

आणि जरा थांबून पुन्हा, "मार्लिस!"

सासूबाई गेल्या त्या दिवशीही दोनदाच. सकाळचे दहा, वेलदोड्याचा पाव नुकता भट्टीतून निघालेला, रेडिओवर कुठलंसं गाणं, आणि खालून तिचं नाव... आता एखादा डाग दाखवायचा असेल, तिला वाटलं, एकतीस वर्षं दाखवतायत तसा – आणि तिने हात लांबवून रेडिओ मोठा केला. एवढंच केलं. ते गाणं संपलं, पुढचं संपलं, कपातली कॉफी संपली, मग ती जिना उतरली. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेल्या असतील. रेनो रडत म्हणाला, बरं झालं, हाल नाही झाले. क्षणात गेलेलं माणूस दोनदा हाक कशी मारेल, असं कोणी विचारलं नाही. विचारणार कोण, हाका ऐकणारी ती एकटी...

रेनो धापा टाकत वर आला. "आलं ऐकू?"

"नाही."

"अगं, गळा फाडून ओरडलो!"

"नाही म्हटलं ना."

त्याचा चेहरा खुलला. "मग जमलं की! आता तू जा खाली. मी ऐकतो."

नको म्हणायला कारण सुचेना. ती उतरली, दार ओढून घेतलं. इतका पांढरा उजेड, की स्वतःची सावलीही दिसेना. नव्या रंगाच्या वासाखाली साबणाचा वास होता – की नव्हता? वर रेनोची पावलं दोन वेळा वाजली आणि थांबली. रेनो, एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"मार्लिस!"

आवाज तिच्याच तोंडून, पण घोगरा, थोडा त्रासलेला, सासूबाईंचा. आपण चुकलो, आता हसावं, असं वाटलं, पण हसू येईना. दार दोन हातांवर होतं, कडीसुद्धा लावलेली नव्हती, आणि तरी तिकडे जावं हे मनातच येईना.

"मार्लिस!"

ऐकू गेलंय तिला. वर रेडिओपाशी जी उभी आहे तिला ऐकू गेलंय, दोन्ही वेळा, हे मार्लिसला इतकं पक्कं ठाऊक होतं की त्या वरचीचा राग येईना, उलट जराशी कीवच आली... हातातलं आटोपेल आणि येईल. टेबलाची कड धरून, मान वर करून, ती वाट पाहत राहिली.