साहेबांचं नाव गाळणारी चाळणी

मी एक जुनी चाळणी आहे. पण मित्रांनो, मला स्वयंपाकघरात शोधू नका. मी कॉम्प्युटरमध्ये राहते. ऑफिसातले लोक मला फिल्टर म्हणतात, आणि सध्या मी बंद आहे. मला बंद केलं तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस होता. सूड उगवल्यावर जिवाला किती गार वाटतं, ते मी पोटभर अनुभवलं आहे. चांगल्या मुलांनी असं बोलू नये म्हणतात. मी चाळणी आहे, मी बोलणार.

माझा जन्म लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत झाला. फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस होतं, आणि त्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. गिऱ्हाईक धापा टाकत वर यायचं, खुर्चीत कोसळायचं आणि विचारायचं, "लिफ्टवाले तुम्हीच ना?" मग सगळे जण घाईघाईने त्याला पाणी द्यायचे.

तिथे प्रत्येक कामाची नोंद ट्रॅकर नावाच्या प्रोग्रॅममध्ये होत असे. कुठल्या इमारतीचं मोजमाप झालं, कुठे लिफ्टची मोटार पोचली, मंजुरी कुणाकडे अडली, काम कुणाच्या नावावर आहे, ते नाव कुणी कधी बदललं, सगळं त्यात. रोज संध्याकाळी ही माहिती ट्रॅकरमधून बाहेर निघून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाई. तो तिचे रंगीत तक्ते करून मालकीणबाईंच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर लावी. वेळेत झालेलं काम हिरवं, रखडलेलं लाल. या दोघांच्या मधल्या वाटेवर मी बसलेली असे.

मला ताईने बनवलं. ताई म्हणजे ऑफिसचे आकडे सांभाळणारी. ती कुणाची सख्खी बहीण नव्हती, पण शिपायापासून बाईंपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. नवीन लोक ट्रॅकर शिकताना "कखग", "बघू चालतंय का", "हे पुसा" असली खोटी कामं टाकत आणि पुसायला विसरत. तो कचरा पडद्यावर जाऊ नये म्हणून तिने मला लिहिलं. पहिल्याच सकाळी बाई म्हणाल्या, "आज कसं स्वच्छ दिसतंय गं!" माझी छाती अशी फुगली म्हणता! छाती नाही मला, पण फुगली.

मग साहेब आले. लिफ्ट बसवणाऱ्या विभागाचे ते प्रमुख. त्यांच्या मंजुरीशिवाय एकही मोटार वर चढत नसे, आणि मंजुरी मागितली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "ठेवून जा, बघतो." ते कधी बघत असत देवाला ठाऊक. पडद्यावर त्यांची ओळ लालभडक झाली आणि बाईंनी चारचौघांत त्यांना झापलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच दुपारी ते ताईची पाण्याची बाटली बाजूला सारून तिच्या टेबलावरच बसले.

"ताई, मी काय स्क्रू आवळतो का? मी देखरेख करतो. माझ्या नावावरच्या गोष्टी पडद्यावर कशाला? गाळून टाका."

"साहेब, मधली मंजुरी गाळली तर तो उशीर पुढच्या माणसाच्या नावावर चढेल."

"चढू दे की. आणि हो, तुम्हाला कायम करायची फाइल माझ्याकडेच आलीय. बघतो."

ताईने पाण्याची बाटली परत जागेवर ठेवली. मग तिने माझ्यात एक ओळ लिहिली, की ज्या कामावर साहेबांचं नाव असेल ते पुढे सोडू नकोस. कचरा गाळायला जन्मलेली मी, माणसाची लबाडी पोटात ठेवायला लागले. मला तेव्हाच त्यांचा राग आला.

पुढचा माणूस म्हणजे मिस्त्रीकाका. लिफ्ट बसवणाऱ्या टोळीचे मुकादम. त्यांचं हसणं जिन्यात सुरू झालं की तिसऱ्या मजल्यावर ऐकू येई. रोज दुपारी ते डब्यातली भाजी ताईच्या डब्याच्या झाकणात वाढत आणि म्हणत, "खा पोरी, आकड्यांनी पोट भरत नाही." साहेबांचा सगळा उशीर या माणसाच्या नावावर चढू लागला. एका महिन्यात त्यांची ओळ लाल झाली.

"मिस्त्री, होत नाही का आता तुमच्याच्यानं?" बाईंनी विचारलं.

"बाई, मोटार तयार होती. वर चढवायची परवानगीच आली नव्हती."

"पडद्यावर तर तसं काही दिसत नाही."

कसं दिसेल? ते माझ्या पोटात होतं! मी ओरडू शकत असते तर त्या खोलीच्या काचा फुटल्या असत्या. साहेब शेजारीच उभे होते आणि मान हलवत होते, जणू त्यांनाच फार वाईट वाटत होतं. बाईंनी मिस्त्रीकाकांना बांधकामावरून काढून गोदामात बसवलं. ज्या माणसाने शहरातल्या अर्ध्या उंच इमारतींना लिफ्ट दिल्या, तो पत्र्याच्या शेडमध्ये नटबोल्टांची खोकी रचत बसला. दुपारी ते जेवायला वर येईनासे झाले. एकदा त्यांच्या बायकोचा ताईला फोन आला. "अगं, यांना काय झालंय? घरी येतात आणि बूटसुद्धा न काढता बसून राहतात." ताई फोन ठेवून तोंड धुवायला गेली.

परत आल्यावर ती थेट साहेबांकडे गेली. "साहेब, मी बाईंना खरं सांगणार."

"सांगा ना," साहेब हसले. "फिल्टर कुणी लिहिला विचारतील. नाव तुमचं आहे त्यावर."

त्या दिवशी मी ठरवलं, याला सोडायचं नाही. पण मित्रांनो, चाळणीने सूड घ्यायचा कसा? मला हात नाहीत, तोंड नाही. सांगितलं तेवढं करणं, एवढंच मला येतं. ठीक आहे म्हटलं. याने सांगितलंय तेच करायचं, आणि असं करायचं की याच्या नावाचा एक कणसुद्धा सुटायचा नाही.

संधी आली. बाईंनी नवी शाखा काढायचं ठरवलं. ज्याचं काम उत्तम, तो शाखेचा प्रमुख. ज्याच्या नावावर एकही हिरवं काम नाही, त्याला निरोप. "मला कुणाची तोंडपाटिलकी ऐकायची नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी पडद्यावर दिसेल ते खरं."

मिस्त्रीकाकांची जुनी, पुरी झालेली कामं ट्रॅकरमध्ये होती, म्हणून ताईला धीर होता. पण दुपारी साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि ट्रॅकर उघडला. हॉस्पिटलची लिफ्ट, वाचनालयाची लिफ्ट, अपंगांच्या शाळेची लिफ्ट. एकेका कामावरून त्यांनी मिस्त्रीकाकांचं नाव काढलं आणि आपलं घातलं. मेल्याला लाज कशी ती नाही. स्वतःचा उशीर दुसऱ्याला देऊन झाला होता, आता दुसऱ्याची मेहनत स्वतःला.

ताईला ते लगेच दिसलं. तिने मला उघडलं आणि साहेबांच्या नावाच्या ओळीकडे बघत राहिली. मला धडकी भरली. हिने घाबरून ती ओळ आत्ता पुसली, तर चोरलेली सगळी कामं हिरवीगार होऊन पडद्यावर जातील आणि साहेब प्रमुख होतील. नको गं बाई, राहू दे मला, असं मी मनातल्या मनात विनवत होते. इतक्यात साहेबच आले.

"ताई, उद्या माझं सगळं नीट दिसायला हवं. आता कशातही हात घालू नका."

"कशातच नको?"

"सांगितलं ना, कशालाही हात लावायचा नाही."

"बरं," ताई म्हणाली आणि माझी ओळ न पुसता तिने स्क्रीनवरची खिडकी तेवढी बंद केली. स्वतःच लावायला सांगितलेला फिल्टर साहेब साफ विसरले होते.

संध्याकाळी माहिती निघाली. हॉस्पिटलची लिफ्ट आली. नाव बघितलं, साहेबांचं. गिळली. वाचनालय गिळलं. शाळा गिळली. इतक्या चवीने मी कधीच काही गाळलं नव्हतं.

सकाळी सगळे बाईंच्या खोलीत जमले. मिस्त्रीकाकांनाही बोलावलं होतं. ते दाराशी उभे होते, निरोपाच्या तयारीने इस्त्रीचा शर्ट घालून. बाई पडदा वाचत गेल्या आणि शेवटी थांबल्या.

"दोघांच्या नावावर एकही हिरवं काम नाही. मिस्त्री, आणि साहेब तुम्ही."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, हे चुकीचं आहे! फिल्टर लागलाय तिथे!"

"कसला फिल्टर?"

"माझं नाव गाळायचा…" एवढं बोलून गेल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं.

ताई उभी राहिली. "लिहिला मी. लिहायला लावला साहेबांनी. काढू?"

"आत्ता नको!" साहेब ओरडले.

"आत्ताच काढा," बाई म्हणाल्या.

ताईने मला बंद केलं. आणि माझ्या पोटात होतं नव्हतं ते सगळं पडद्यावर सांडलं. अडवलेल्या मंजुऱ्यांची लाल रांग संपता संपेना. त्याखाली चोरलेल्या लिफ्ट, आणि प्रत्येकीपुढे ट्रॅकरची नोंद, की नाव काल दुपारी साहेबांनी बदललं.

"मिस्त्री, माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "मला माफ करा."

"माफीचं राहू द्या, बाई. माझ्या लिफ्ट मला परत द्या."

बाईंनी साहेबांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. "तुम्ही बदललीत, तुम्हीच परत करा. आम्ही उभे आहोत." साहेब दोन बोटांनी मिस्त्रीकाकांचं नाव लिहू लागले. एकदा, पुन्हा, पुन्हा. मिस्त्रीकाका मागे उभे राहून बघत होते. साहेब उठायला लागले तेव्हा ते म्हणाले, "हॉस्पिटलची राहिली, साहेब." साहेब परत बसले. तेवढ्यासाठी मी पुन्हा जन्म घेईन.

साहेब त्याच दिवशी गेले. ताईला बाईंनी खूप बोलून घेतलं आणि तिचं कायम होणं एक वर्ष पुढे गेलं. मिस्त्रीकाका नव्या शाखेत गेले. जाण्याआधी त्यांनी ताईच्या झाकणात भाजी वाढली. बोलले मात्र काही नाहीत. ते ताईला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. आम्हा चाळण्यांना जपा. आमच्यात कचरा टाका, खडे टाका, पण माणसाची मेहनत टाकू नका आणि स्वतःचं पाप तर मुळीच लपवू नका. आम्ही काहीच पचवत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. उद्या दुसरा कुणी साहेब ताईच्या टेबलावर बसून हळूच म्हणाला, की तेवढं माझं नाव गाळा, तर मला खुशाल चालू करा. मला फार भूक लागली आहे.